पाणमांजर तळ्यात पडतं

दादाने तिला बजावलं होतं की लहानपणीचा टीव्हीवरचा खेळ मैत्रिणीला दाखवायचा नसतो. त्याने स्वतः बायकोला दाखवला होता. तिने दहा मिनिटं पाहिलं, मग वाळलेले कपडे काढायला उठली ती अजून परतलेली नाही, असं तो म्हणाला. समोरच्याला खेळ आवडला नाही की त्या माणसावरूनच आपलं मन उडतं, हे त्याचं म्हणणं. बहिणीने ते हसण्यावारी नेलं.

आणि आता खालच्या मजल्यावरची चष्मेवाली तिच्याच सोफ्यावर बसून तिचं पाणमांजर चाळिसाव्यांदा तळ्यात बुडवत होती.

"पाणमांजर पाण्यात पडल्यावर मरतं कसं गं?" चष्मेवालीने विचारलं.

असले प्रश्न विचारायचे नसतात. 'पाणमांजरा'चे चारही भाग तिने शाळेच्या वयात दादाशी मारामाऱ्या करून पार केले होते. लग्नानंतर दोन घरं बदलली, पण टीव्हीला जोडायचा खेळाचा तो पिवळा पडलेला डबा तिने स्वतःच्या मांडीवर ठेवून आणला. त्यात खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवायचे तीन कप्पे होते. एक तिचा, दुसरा दादाचा. तिसरा इतकी वर्षं रिकामा होता, तो तिने चष्मेवालीला दिला. या इमारतीत तिला एवढी एकच मैत्रीण होती.

चष्मेवालीचं चष्म्याचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. तेवढ्यात ही वर यायची, रिमोट हातात घ्यायची आणि एका पायाने मैत्रिणीच्या बाळाचा पाळणा हलवत खेळायला बसायची. बाळ चार महिन्यांचं होतं. त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं, हा त्याच्या आईचा रात्रभराचा उद्योग. नवरा म्हणायचा, तू पड, मी बघतो. सासूबाई फोनवरून तेच सांगायच्या. पण आपण डोळे मिटले आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर? मला झोपच येत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची.

दुपारी मात्र ती शिकवण्यात गुंतायची. आता धाव. आता उडी. अगं, ओंडका आल्यावर उडी. चष्मेवाली मन लावून ऐकायची आणि ओंडका निघून गेल्यावर उडी मारायची. बुडबुडे यायचे. पुन्हा पहिल्यापासून. शिकवून शिकवून जीव कंटाळायचा आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा चार वाजत आलेले असायचे. बाळाचा लंगोट बदललेला असायचा आणि पाणमांजर त्याच तळ्याच्या काठावर उभं असायचं.

तीन आठवडे झाले. पाच वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी ते तळं ओलांडतं. हिला खेळ आवडत नाहीये, नुसती मन राखतेय, अशी शंका तिला पोखरू लागली. दादाचं खरं ठरणार, असं वाटू लागलं.

मग एका सकाळी तिने ठरवलं, गुपचूप आपणच हिला तळ्यापलीकडे नेऊन ठेवू. मैत्रिणीचा गृहपाठ लिहून द्यावा तसं. तिने तिसरा कप्पा उघडला.

पाणमांजर चौथ्या भागात होतं. बर्फाच्या महालाच्या शेवटच्या दारात. शंभरपैकी शंभर शिंपले जमवलेले. गळ्यात सोन्याची शिट्टी. अशी शिट्टी या खेळात असते, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

तिचे कान तापले. आपल्याला चक्क वेड्यात काढलं हिने.

सव्वा वाजता चष्मेवाली आली. बाळाच्या आईने टीव्हीकडे बोट दाखवलं. चष्मेवालीने शिट्टी पाहिली, जीभ चावली आणि सवयीने पाळण्याजवळची आपली जागा घेतली.

"रोज माझ्यासमोर तळ्यात कशाला पडायचीस मग?"

"मी पडायला लागले की तू पाच मिनिटांत झोपतेस," चष्मेवाली म्हणाली. "मग मी पुढे खेळायचे आणि तू उठायच्या आत पुन्हा तळ्याकाठी यायचे. तुझ्यासमोर जिंकत गेले असते, तर बघत जागी राहिली असतीस."

तिने पाळण्याची दोरी चष्मेवालीच्या बाजूला सरकवली. मग नाक पुसून म्हणाली, शिट्टी कुठे मिळते तेवढं दाखव. चष्मेवालीने टीव्हीचा आवाज बंद केला आणि रिमोट उचलला. महालाचं दार उघडेपर्यंत सोफ्यावरून घोरण्याचा आवाज येऊ लागला होता.

तुमच्या जिन्यावरही एखादी नवी आई राहत असेल. विचारलंत तर म्हणेल, मी अगदी मजेत आहे. आज दुपारी जरा जाऊन बघून या. आणि तिने हातात रिमोट दिलाच, तर कृपा करून जिंकू नका.