रुक्माबाईच्या रजेचा अर्ज

"अर्जाशिवाय रजा म्हणजे गैरहजेरी," असं म्हणत हुकुमचंद पटले यांनी पेनचं टोपण काढलं आणि कोरा कागद गुडघ्यावर घेतला.

रुक्माबाई समोर उभी होती. तिच्या कडेवर पटल्यांचा दहा महिन्यांचा गोलू तिच्या पदराला बांधलेली किल्ली चोखत होता. किल्ली तिच्या घराची. घर चोरखमारा गावाच्या बाजूला, कुलूपबंद. आज दुपारी बारा वाजता तिची लेक साक्षी दवाखान्यातून चार दिवसांचं बाळ घेऊन त्याच कुलपापुढे उतरणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी करतात म्हणून पोरगी माहेरी आली होती, आणि माहेर तिरोड्यात दुसऱ्याचं लेकरू सांभाळत होतं.

"साहेब, अकराची गाडी गेली का मंग तीनचीच हाये जी."

"कायद्यानं होऊ दे. घाई नाही करायची."

हुकुमचंद एका सरकारी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर बसत. लोकांच्या रजा अडवता अडवता बारा वर्षं कशी सरली ते त्यांना कळलं नव्हतं. रविवारी मात्र हाताला काही काम नसे. आज मिळालं होतं, त्यामुळे ते खुशीत होते.

रजा भरपगारीच मिळणार होती, त्यात वाद नव्हता. "आमच्याकडे बाईला वर्षाला दहा दिवस भरपगारी," हे त्यांच्या बायकोनं, ओमेश्वरी मॅडमनी, रुक्माबाईला एकदा आणि महिला मंडळात चारदा सांगितलं होतं. मॅडम शाळेत शिकवत. सध्या दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, म्हणून त्या दिवाणावर आडव्या होऊन कालची मालिका आज पुन्हा पाहत होत्या.

"रजेचं कारण?" हुकुमचंदांनी विचारलं.

"लेकीचं बाळंतपण, जी."

"लेकीचं ना?" मॅडम टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "तुझं थोडीच आहे? मला सहा महिने मिळाले ते माझ्या बाळंतपणाचे. बाळंतिणीच्या आईला कोण रजा देतं गं?"

त्या सहा महिन्यांत गोलूची मालीश, अंघोळ, शेक, धुरी सगळं रुक्माबाईनं केलं होतं. मॅडमचीही मालीश तिनंच केली होती. गोलूच्या तोंडातली किल्ली काढून तिनं पदरानं पुसली.

"आपण 'घरगुती' लिहू," हुकुमचंदांनी मार्ग काढला. "घरगुतीला पुरावा लागत नाही. आता, मुख्यालय सोडण्याची परवानगी."

"मुख्यालय म्हंजे का जी?"

"म्हणजे हे घर."

रुक्माबाई रोज संध्याकाळी सात वाजता विनापरवानगी मुख्यालय सोडत आली आहे, हे या निमित्तानं त्यांच्या ध्यानात आलं. पण माणूस मोठ्या मनाचा. बोलले नाहीत.

"आता शेवटचं. रजेच्या काळात चार्ज कोणाकडे?"

"चार्ज म्हंजे का जी?"

"तुझं काम कोण बघणार? दूध, अंघोळ, झोपवणं. जाणाऱ्यानं नाव द्यायचं असतं. तुमच्या गावची तुलसा येते का? नाव दिल्याशिवाय सही होत नाही."

रुक्माबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा. मग दिवाणाकडे पाहिलं.

"मॅडमचं नाव लिवा."

पेन थांबलं. हुकुमचंदांनी बारा वर्षांत कारकुनाचा चार्ज कारकुनाकडे जाताना पाहिला होता, एकदा तर शिपायाकडे जाताना पाहिला होता. खालून वर जाताना कधी पाहिला नव्हता.

"तसं नसतं रुक्माबाई. चार्ज वरच्याकडे देता येत नाही."

"मंग तुमचं लिवा."

"मी मंजूर करणारा. मंजूर करणाऱ्यानं चार्ज घेतला तर मंजूर कोण करील?"

"आणि मी सुट्टीवर आहे ना," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचं आश्चर्य होतं. "वर्षातून एवढेच तर दिवस मिळतात मला."

रुक्माबाई दिवाणापाशी गेली. किल्लीची गाठ गोलूच्या मुठीतून हळूच सोडवून घेतली आणि त्याला मॅडमच्या मांडीवर बसवलं. एखाद्याचं विसरलेलं सामान परत करावं, तसं.

"अशी गेलीस तर रजा नियमात बसणार नाही," हुकुमचंद उठून म्हणाले. "बिनपगारी होईल. मग मला म्हणू नको."

"बसली तं बसवा, नाई तं नोका बसवू," चपला पायात सारत रुक्माबाई म्हणाली. "मी चालली."

गोलूनं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. ओळख पटेना, तेव्हा भोकाड पसरलं.

ती फाटकाशी पोहोचली तेव्हा दोघं पायरीवर आले. मॅडमनी पोराला दोन्ही हातांत लांब धरलं होतं. हुकुमचंदांच्या हातात अर्ज होता.

"अगं, याला द्यायचं काय, केव्हा, तेवढं तरी सांगून जा."

रुक्माबाई थांबली. गाडीला दहा मिनिटं होती.

"अकराले दूध. एकले वरणाचं पाणी, भात मऊ कुस्करून. झोपला का पंखा हळू करा."

हुकुमचंद अर्ज उलटा करून कोऱ्या बाजूवर भराभरा लिहू लागले. एक, दोन, तीन.

"आणि रडला तर?" मॅडमनी विचारलं.

रुक्माबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. अकरा वर्षं लहान मुलांना शिकवलेली बाई.

"रडला तं जवळ घ्या लागते जी," ती म्हणाली आणि फाटक ओढून चालू लागली.

हुकुमचंदांनी चार आकडा घातला, आणि तेही लिहून घेतलं.