एका ओळीतली सात बटणं

हे लिहिणारच नव्हतो. पोलंडमधल्या ब्झुरा नदीकाठच्या कुरणात मेटल डिटेक्टर फिरवताना मला सात बटणं सापडली. घासून चकचकीत केली आणि मिरवत बोगुशकडे नेली. गणवेशांची जुनी बटणं ओळखण्यात माझ्या या दोस्ताचा हात कुणी धरू शकत नाही.

"बटणावरच्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट आहे. महायुद्धानंतर कम्युनिस्ट सरकारनं तो काढला. म्हणजे आपलाच सैनिक, साल एकोणीसशे एकोणचाळीस. पण घासलंस कशाला रे गाढवा?" मग त्याने विचारलं, "विखुरलेली होती?"

"छे! एका ओळीत, चार-चार बोटांवर," मी फुशारकीने सांगितलं.

त्याने बटण हळूच खाली ठेवलं. "तुटून पडलेलं बटण एकटं सापडतं, ओलेक. ओळीत सापडतात ती अंगावरच्या कोटाची. खाली आणखी काही लागलं?"

"झाडाचं मूळ."

"त्या कुरणात झाड कुठंय?"

मी मान खाली घातली. मूळ नव्हतं ते, मला तिथंच कळलं होतं. खोदायचा परवाना नव्हता, म्हणून घाबरून माती परत लोटली होती.

"उद्या जागा दाखवतो," मी म्हणालो. "पोलिसांना फोनही मीच करतो. आणि त्याची बटणं त्याला परत देतो."