खडूस दादा

नवा कॉम्प्युटर घेऊन गाडी निघाल्याचा निरोप आला, तसं त्याने टेबल आवरलं, वायरींचा गुंता सोडवला, जुन्यातले फोटो नि पत्रं उतरवून घेतली. "झालं सगळं?" बायकोने फडकं मारत विचारलं. सगळं झालं होतं, एक सोडून. धाकट्या बहिणीने कधीतरी त्याची नजर चुकवून या कॉम्प्युटरला एक खोड लावून ठेवली होती. 'दादा' टाइप केलं की 'खडूस दादा' उमटायचं. भावंडांना पत्र लिहिताना तो दरवेळी 'खडूस' खोडायचा आणि तिच्या नावाने खडे फोडायचा. गेल्या वर्षी ती आजारपणात गेली, तेव्हापासून त्याची पत्रं 'खडूस दादा'चीच जायची. आता त्याने कोरं पान उघडून 'दादा' टाइप केलं. आलं 'खडूस दादा'च. "नव्यातही तसंच करून ठेव की," बायको म्हणाली. "ठेवीन गं. पण चिडवायला बहीण लागते." बेल वाजली.