धाकटी सून

“आई, मालिकेतली कुठली सून आवडते गं तुला?” मैत्रिणी म्हणाल्या होत्या, विचारून दाखव, म्हणून मी टीव्हीपुढच्या भर गर्दीत ओरडून विचारलं. त्यांच्यातल्या कुंदाच्या मते माझी आई टीव्ही बघतच नाही.

“धाकटी!” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “किती सोसते बिचारी!” मी कुंदाला जीभ दाखवली.

आधी आम्ही सरपंचांच्या खिडकीतून टीव्ही बघायचो. मग तो ग्रामपंचायतीत आला आणि गेल्या दिवाळीत आमच्याकडे. दर गुरुवारी मालिका लागली की बाबा खुर्चीत, अर्धी गल्ली सतरंजीवर. आईची भाकऱ्यांची वेळ मात्र तीच राहिली.

बाबांना पाणी द्यायला आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. पडद्यावर धाकटी सून गप्प उभी होती. आईने विचारलं, “ही कोण गं नवीन?”

सगळे खो खो हसले, बाबा तर खोकेपर्यंत. मीही हसले, पण मध्येच थांबले. दिवाळीपासून आई नुसत्या आवाजावर तिच्यासाठी रडत होती.

“बाबा, पुढच्या गुरुवारपासून भाकऱ्या मी करणार,” मी जाहीर केलं. “वाकड्या झाल्या तरी खायच्या. आई, तू इथे पुढे बसायचंस.”