तीन वायरी आणि ताई

घशाच्या ऑपरेशनमध्ये ताईचा आवाज गेला. टाइप केलेलं बोलून दाखवणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर-बोर्ड मी तिच्यासाठी जुळवत होते. त्याला स्क्रीन नव्हता, म्हणून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या तीन वायरींनी लॅपटॉपला जोडला, पण लॅपटॉपवर अक्षर उमटेना. "बोर्ड जळला वाटतं," मी रडकुंडीला आले. ताईने पिनांचा तक्ता आणि वायरी पाहून वहीत लिहिलं, "वेडाबाई, त्याचं तोंड तुझ्या तोंडाला जोडलंयस. कानाला जोड." खरंच की! लॅपटॉपची माहिती पाठवायची वायर बोर्डाच्याही पाठवायच्याच पिनेला होती. दोन वायरींची अदलाबदल करून बोर्ड पुन्हा सुरू केला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर भराभरा ओळी धावल्या! "बोलतोय गं, ताई!" मी किंचाळले. बोलण्याचा प्रोग्रॅम चालू करून कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिने टाइप केलं. स्पीकर खरखरला आणि तीन महिन्यांनी ताई बोलली, "छोटे, आधी केस विंचर!" इतका गोड ओरडा मी कधी खाल्ला नव्हता.