चघळलेली काडी

वीस वर्षं पोसलेल्या खडूस या आपल्या नायकाला चित्रकाराने अखेर कॉमिकच्या शेवटच्या पानावर मारून टाकलं आणि पान संपादकांकडे धाडून दिलं. सकाळचा चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच त्यांचा फोन.

"अहो, मेलेल्या खडूसच्या तोंडात काडी कुठाय? वाचक सोलून काढतील आपल्याला!"

चित्रकार हसला. काडी विसरायची म्हणजे स्वतःचं नाव विसरण्यासारखं. खडूस आंघोळ करताना, गोळी लागल्यावर, अगदी लग्नाला नकार देतानासुद्धा आगपेटीची काडी चघळत गुरगुरायचा. "रंगवलीय हो मी. चष्मा पुसा जरा."

"भिंग लावून पाहिलं. काडी नाही."

चित्रकाराचा हात कपावर तसाच राहिला. खडूस काडी थुंकायचा ती एकाच ठिकाणी, ज्याला संपवायचं त्याच्या उंबऱ्यावर. आधी काडी, मग तो. हा नियम चित्रकारानेच घालून दिला होता.

बाहेर केरसुणीचा आवाज थांबला. जन्मात एक कॉमिक न वाचलेली बायको दारातून करवादली, "अहो, तुम्ही काड्या कधीपासून चघळायला लागलात? उंबऱ्यावर ही बघा, अजून ओली आहे."