शंभर टक्के हजेरी

अर्धांगवायू झालेल्या वडिलांकडे, भाऊंकडे, लक्ष देता यावं म्हणून सुलक्षणाने घरून काम करण्याची परवानगी मिळवली. बोरिवलीच्या खोलीत तिची खुर्ची भाऊंच्या खाटेपुढेच होती. “तुझी पाठ दिसली तरी बरां वाटता गो,” ते म्हणायचे. काही लागलं की चालत्या हाताने देवाची घंटी वाजवायचे.

“सुलक्षणा, तुझ्याकडे रोज सत्यनारायण असतो का गं?” एका मीटिंगमध्ये नितेश सरांनी विचारलं. सगळे हसले. आठवड्याभरात कंपनीने भारीतले हेडफोन पाठवले. आता घरातला आवाज तिकडे जायचा नाही आणि तिलाही ऐकू यायचा नाही. ती खुर्चीत आहे ना, हे बघायला लॅपटॉप दर दहा मिनिटांनी फोटो काढायचा.

त्या मंगळवारी मीटिंग दोन तास चालली. घरून काम करणाऱ्यांना कंपनीने आणखी काय सोयी द्याव्यात, हे तीच मांडत होती. हेडफोन काढून वळली, तेव्हा भाऊ गेले होते.

“झोपेतच गेले असतील. त्रास झाला नसणार,” डॉक्टर म्हणाले. त्या एका वाक्यावर तिने तेरा दिवस काढले.

कामावर परतली तेव्हा महिन्याचा अहवाल आला होता. “रजेचे दिवस सोडून हजेरी शंभर टक्के. अभिनंदन!” सोबत फोटो जोडले होते. तिने मंगळवारचे उघडले.



सलग चार फोटोंत, तिच्या पाठीमागे, घंटी धरलेला भाऊंचा हात वर होता.